गर्भ अंगातच वाढवणारी डबी: कुणी केलंय का?

केळीवाली, चोपडा
लग्नाला 7 वर्षं झाली, दोन आययूआय (शुक्राणू नळीने थेट गर्भाशयात सोडणं) वाया गेल्या. आता डॉक्टर आयव्हीएफ (लॅबमध्ये बीज फळवून गर्भ तयार करणं) म्हणतात. नणंदेने व्हिडिओ पाठवला: बीज आणि शुक्राणू एका डबीत घालून डबी बाईच्याच अंगात ठेवायची, मशीन नको. सासूबाई खूश, म्हणे लॅबचा खर्च वाचला! इथे मे महिन्यात पारा 45 ला टेकतो, लाइटचा नेम नाही, म्हणून मलाही पटलं. जळगाव-धुळ्याकडे कुणी केलंय?

तापीकाठ, भुसावळ
ताई, मी काही वर्षं लॅबमध्ये होतो. ती डबी म्हणजे इन्व्होसेल, अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झाली. ती गर्भाशयात नाही, योनीत ठेवतात, 3 ते 5 दिवस. बाहेर 45 असो, आत 37च. शरीरातला कार्बन डायऑक्साइड डबीतून आत झिरपतो. पण वाचतो तो फक्त इन्क्युबेटर, म्हणजे गर्भ उबेत ठेवायचं मशीन! इंजेक्शनं, सोनोग्राफी, भूल देऊन बीज काढणं, काही चुकत नाही. डबी उघडायलाही एम्ब्रियोलॉजिस्टच (लॅबमध्ये गर्भ हाताळणारा तज्ज्ञ) लागतो, आणि गर्भ मग नळीनेच गर्भाशयात सोडतात. तुमच्या टिश्यू कल्चरच्या रोपासारखं समजा, बाटली बदलली तरी हार्डनिंग (रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावणं) टळत नाही.

शिवाय इन्क्युबेटरमध्ये दुसऱ्या दिवशी बीज फळलं की नाही ते बघता येतं. डबी उघडेपर्यंत झाकलेली मूठ. शुक्राणू कमी असतील तर आधी लॅबमध्ये इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं) करावीच लागते.

लाइटचं म्हणाल तर इन्क्युबेटर यूपीएस-जनरेटरवर असतो का ते विचारा. आणि त्या डबीवर इथे किती जणींचं केलं, आकडा मागा. 'भरपूर' हे उत्तर धरू नका.

अमळनेरकर
आमचं साधं आयव्हीएफ झालं. एकच सांगते, ट्रिगरच्या, म्हणजे बीज पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनची वेळ पाळा. त्यानंतर साधारण 36 तासांनी बीज काढतात. आमचा ट्रिगर रात्री 10 चा आणि 9 ला लाइट गेली! दीर मोबाइलची बॅटरी धरून उभे, नवरा सुई भरतोय, माझा हात थरथरतोय. त्या दोन दिवसांत सेंटरजवळच खोली घ्या, एसटीच्या भरवशावर राहू नका. आणि आयव्हीएफ सेंटरांसाठीच्या 2021 च्या कायद्याप्रमाणे नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे का ते आधी बघा.

केळीवाली
आभार भाऊ, ताई. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मंग त्या डबीनं काय काम?" सोमवारी जातोय, आधी जनरेटर बघते.