मदत हवी आहे: सीडी८ पेशी शाबूत असताना एड्समध्ये कॅन्सर का होतो?

मंडळी, नागपुरात नंदनवनला बारावी बायोलॉजीची शिकवणी घेतो. परवा एका पोरीनं माझी चांगलीच गोची केली.

फळ्यावर नेहमीचं चित्र होतं. लाल खडूनं मारेकरी टी पेशी, म्हणजे सीडी८, आणि हिरव्यानं मदतनीस सीडी४. कॅन्सरची पेशी मारते ती लाल, हेही ठासून सांगितलं. मग एचआयव्हीकडे वळलो. तो सीडी४ पेशीच संपवतो, म्हणून हिरवे गोळे डस्टरनं पुसले. लाल तसेच राहिले. कामठीहून येणारी ती पोरगी म्हणते, "सर, मारणारे तर सगळे फळ्यावरच आहेत. मग एड्सच्या पेशंटले कापोसी सार्कोमा हा कॅन्सर काऊन होते?"

"मदत मिळत नाही ना," म्हणून वेळ मारून नेली. पण ही मदत म्हणजे नेमकं काय? बहुतेक कॅन्सरच्या गाठींच्या पेशींवर एमएचसी-२ (सीडी४ ला प्रथिनांचे तुकडे दाखवणारा रेणू) नसतंच, म्हणजे सीडी४ ला त्या थेट दिसतही नाहीत. गाईडात एकच ओळ आहे. शुक्रवारी पुन्हा तीच बॅच, आणि ही विसरणाऱ्यातली नाही.

प्रतिसाद १
सर, आधी त्या पोरीला एक प्लेट तर्री पोहे खाऊ घाला.

तुमच्या चित्रात डेन्ड्रायटिक पेशी राहिली. ती गाठीतले प्रथिनांचे तुकडे उचलून लिम्फ नोडमध्ये नेते. सीडी८ ला एमएचसी-१ वर दाखवते, सीडी४ ला एमएचसी-२ वर. सीडी४ ला तुकडा ओळखू आला की त्याच्यावरचा सीडी४० लिगंड हा रेणू डेन्ड्रायटिक पेशीवरच्या सीडी४० या रेणूला भिडतो. तेव्हा कुठे ती पुरती जागी होते आणि सीडी८ ला नीट तयार करते. १९९८ मध्ये तीन गटांनी हे एकाच वेळी दाखवलं. मदतीविना घडलेल्या सीडी८ पेशी पहिल्या झटक्यात लढतातही, पण शत्रू पुन्हा आला की त्यांची फौज वाढत नाही.

आणि हो, कापोसीमागे एचएचव्ही-८ विषाणू असतो, तेवढं सांगाच. एचआयव्हीची औषधं सुरू होऊन सीडी४ वाढले की काही रुग्णांत कापोसी तेवढ्यानंच ओसरतो.

धागाकर्ता
डोक्यात उजेड पडला! पण ट्रेग, म्हणजे नियामक टी पेशीही सीडी४च ना? २०२५ चं नोबेल त्यांच्यावरच होतं, आणि त्या तर लढाई थोपवतात. पोरगी हेही विचारणार.

प्रतिसाद २
विचारणारच. गाठीत ट्रेग जमल्या की सीडी८ दबतात. सगळे हिरवे एका बाजूचे नसतात सर, तिसऱ्या रंगाचा खडू घेऊन जा.