मदत हवी आहे: छळाला कायदेशीर ठरवणाऱ्यांवर कधी कारवाई झाली आहे का?

नमस्कार मंडळी,

मी समुपदेशन शिकणाऱ्या मुलांना व्यावसायिक नीतिमत्ता हा विषय शिकवते. सध्या वर्गात सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेच्या गुप्त कोठड्यांमधल्या छळाबद्दल चाललंय आणि एका प्रश्नापाशी मी अडकले आहे. कायद्याची जाण असलेल्यांनी कृपया मदत करा.

अबू झुबैदा या कैद्याला २००२ साली एका पेटीत कोंडत असत. तिचं माप अमेरिकी सिनेट समितीच्या अहवालात आहे: रुंदी २१ इंच, खोली आणि उंची अडीच-अडीच फूट. मी फरशीवर खडूने तेवढा चौकोन आखला. एक विद्यार्थिनी गुडघे छातीशी घेऊन आत बसली आणि दोघांनी अडीच फुटांवर पुठ्ठा आडवा धरला. मान पूर्ण वाकवल्याशिवाय तिला बसताच येईना. चार-पाच मिनिटांत पायाला मुंग्या आल्या आणि ती उठली. झुबैदाने त्या पेटीत एकूण २९ तास काढले, शवपेटीएवढ्या दुसऱ्या पेटीत २६६ तास. त्याच ऑगस्टमध्ये तोंडावर फडका टाकून पाणी ओतण्याचा प्रकार त्याच्यावर किमान ८३ वेळा झाला.

पाय चोळत तिने विचारलं, "मॅडम, हे सगळं चालेल असं लिहून कोणी दिलं? त्यांचं पुढे काय झालं?"

लिहून देणाऱ्यांची नावं उघड आहेत. पद्धती सुचवल्या जेम्स मिचेल आणि ब्रूस जेसन या मानसशास्त्रज्ञांनी. म्हणजे आमच्याच पेशातल्या माणसांनी, आणि हे मला फार लागतं. त्यांच्या कंपनीला ८ कोटी १० लाख डॉलर मिळाले. हे कायद्यात बसतं असं सांगणाऱ्या १ ऑगस्ट २००२ च्या कायदेशीर मतांवर अमेरिकी न्याय खात्यातले वकील जे बायबी यांची सही आहे, आणि ती मतं तयार करण्यात त्याच खात्यातले वकील जॉन यू यांचा मोठा हात होता. शारीरिक वेदना अवयव निकामी होण्याच्या तोडीची असेल तरच तो छळ, असं त्यातल्या एकात म्हटलं आहे. पुढे बायबी फेडरल न्यायाधीश झाले, यू विद्यापीठात शिकवत राहिले. न्याय खात्याच्या अंतर्गत चौकशीने दोघांवर व्यावसायिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला होता, तो २०१० मध्ये वरिष्ठांनी 'चुकीचा निर्णय' इतका सौम्य केला. चौकशीच्या ९२ व्हिडिओ टेप २००५ मध्ये नष्ट झाल्या, त्याबद्दलही खटला नाही. सीआयएच्या कोठडीतला गुल रहमान हा कैदी अर्धनग्न, साखळीने बांधलेला, थंड काँक्रीटवर मेला. त्याच्या मृत्यूचा तपास २०१२ मध्ये कोणावरही आरोप न ठेवता बंद झाला.

"ते दहशतवादीच होते" असं इथे कोणीतरी म्हणेलच. सिनेटच्या त्याच अहवालानुसार सीआयएच्या ११९ कैद्यांपैकी किमान २६ जणांना चुकीने धरलं होतं. आणि धरलं ते बरोबर असतं, तरी माझं मत बदललं नसतं.

आता माझी अडचण. छळविरोधी आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २ सांगतं की युद्ध असो वा वरिष्ठांचा हुकूम, छळाला सबब नाही. कलम ४ प्रमाणे छळात साथ देणं हाही गुन्हा. अमेरिकेने हा करार १९९४ मध्ये स्वीकारला आहे. पण २००५ च्या अमेरिकी कायद्याने चौकशी करणाऱ्यांना "वकिलांच्या सल्ल्यावर प्रामाणिकपणे विसंबलो" असा बचाव दिला. इकडे वकील म्हणतात, आम्ही फक्त मत दिलं. मारणारा वकिलाकडे बोट दाखवणार, वकील कागदाकडे. मग पकडायचं कोणाला? १९४७ मध्ये जर्मनीत न्यूरेंबर्गला नाझी राजवटीतल्या न्यायाधीशांवर आणि कायदा खात्यातल्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, दहा जण दोषी ठरले. त्यांनीही हत्यार उचललं नव्हतं, फाइली चालवल्या होत्या. तो दाखला इथे का लागू पडत नाही? हे मला विद्यार्थ्यांपुढे नीट मांडता येत नाहीये.

दुसरं, कोणत्याही देशात छळाला हातभार लावल्याबद्दल एखाद्या डॉक्टरचा, वकिलाचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा परवाना कायमचा रद्द झाल्याचं उदाहरण कोणाला माहीत आहे का? अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये सदस्यांना अशा चौकशांत भाग घ्यायला मनाई केली, ते ठाऊक आहे. मला व्यक्तीवरची कारवाई हवी आहे. मिचेल-जेसन यांच्यावरचा दिवाणी दावा २०१७ मध्ये तडजोडीने मिटला, त्यामुळे तिथे निकाल वाचायला मिळत नाही.

इंग्रजी निकालपत्र असलं तरी चालेल, फक्त नेमका परिच्छेद सांगा. पुढचा तास गुरुवारी आहे.