‘निःशब्द साक्ष’ : साक्ष न बोलता देता येते का?

कोरीपाटी
एका छोट्या पुस्तिकेचं भाषांतर करतेय. ख्रिस्ती माणसाने आपली श्रद्धा व्यासपीठावरून नव्हे, तर रोजच्या मैत्रीतून, शेजारातून, कामाच्या जागी तो कसा वागतो त्यातून इतरांपर्यंत न्यावी, असा विषय आहे. एके ठिकाणी मी ‘निःशब्द साक्ष’ लिहिलं. तपासणाऱ्या गृहस्थांनी त्यावर फुली मारून समासात लिहिलं, ‘साक्ष तोंडाने देतात. इथे जीवनाचा दाखला हवे.’ मला काही ते पटत नाही. जाणकारांनी सांगा.

खडूडस्टर
‘जीवनाचा दाखला’ अजिबात नको! वाचणाऱ्याला वाटेल, पेन्शन चालू राहावी म्हणून नेऊन द्यायचा आहे. शिवाय मराठी बायबलात येशूने सांगितलेल्या गोष्टींना दाखलेच म्हणतात. पेरणाऱ्याचा दाखला वगैरे. वाचक भलतीकडेच जाईल.

तळटीप
त्या गृहस्थांना पाणिनी दाखवा. ‘साक्षाद् द्रष्टरि संज्ञायाम्’. स्वतः प्रत्यक्ष पाहणारा तो साक्षी. सूत्रात बोलण्याची अट नाही. शब्दाचं नातं डोळ्याशी आहे, जिभेशी नाही.

उलटतपासणी
पाहणारा साक्षी, कबूल. पण साक्ष ही ‘द्यायची’ असते ना? पाहिलं आणि गप्प बसला, तर त्याने काय दिलं?
तरी एक गंमत सांगतो. 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम 119 मध्ये बोलता न येणाऱ्या साक्षीदाराला लिहून किंवा खुणांनी साक्ष देण्याची मुभा होती, आणि तो पुरावा ‘तोंडी’च धरला जाई. म्हणजे कायद्याला निःशब्द साक्ष मान्य, फक्त तो तिला तोंडी म्हणतो. मात्र खूण समोरच्याला कळली पाहिजे. पुस्तिकेतली खरी अडचण मला तिथे दिसते. नुसतं चांगलं वागणं ही कशाची खूण? चांगली तर कुठल्याही धर्माची माणसं वागतात, धर्म न मानणारीही वागतात. शेजाऱ्याने त्यातून ख्रिस्त ओळखायचा कसा?

मागचं_बाक
आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘साक्ष’ म्हणजे उपासनेत उभं राहून ‘मी असा होतो, प्रभूने माझं असं केलं’ हे सांगणं. त्यामुळे ‘निःशब्द साक्ष’ माझ्याही कानाला आधी खटकलं.
पण माझी मावशी आयुष्यात कधी साक्ष द्यायला उभी राहिली नाही. पाळकांनी नाव पुकारलं की ती गीतपुस्तकात तोंड घालायची. तिच्या एका मैत्रिणीचा नवरा बरेच महिने अंथरुणाला खिळून होता. रात्रीची जागरणं मावशीने स्वतःकडे घेतली, तो जाईपर्यंत. त्या घरात तिने कधी बायबल उघडलं नाही, प्रार्थना केली असेल तर मनात. नंतर कधीतरी मैत्रिणीने विचारलं, ‘तुला हे जमतं कसं गं?’ मावशी म्हणाली, ‘मी एकटी कुठे करते?’ आणि मग पहिल्यांदा येशूबद्दल बोलली. आता यात साक्ष कुठली, जागरणं की ते बोलणं? आई म्हणते बोलणं. मी म्हणतो, जागरणं नसती तर तो प्रश्नच आला नसता.

दुसरी_घंटा
कॅथलिक लिखाणात ही कल्पना जुनी आहे. पोप सहावे पॉल यांच्या 1975 च्या ‘इव्हांजेली नुन्शियांदी’ या पत्रात शब्दांवाचूनच्या साक्षीवर चांगला परिच्छेद आहे. आजचा माणूस शिक्षकांपेक्षा साक्षीदारांचं जास्त ऐकतो, हा विचारही त्याच पत्रातला. पण लोक अर्धंच सांगतात. पुढच्याच परिच्छेदात ते म्हणतात की ही साक्ष एकटी पुरत नाही, कधीतरी येशूचं नाव घेऊन कारण उलगडावंच लागतं.
तशीच गत ‘सतत सुवार्ता (येशूचा संदेश) सांगा, गरज पडली तर शब्द वापरा’ या वाक्याची. ते असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावावर फिरतं. त्यांच्या लेखनात ते नाही, आणि ते स्वतः तर गावोगाव उपदेश करत हिंडले.

तळटीप
बायबलात येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाची पत्रं आहेत. त्यातल्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचा. आरंभी बायकांना सांगितलंय की वचन न मानणारे नवरे तुमच्या वागणुकीने, शब्दाविना, जिंकले जातील. पंधराव्या वचनात म्हटलंय, तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेने. ‘विचारलं तर’ हे शब्द महत्त्वाचे. मावशीने नेमकं तेच केलं.

खडूडस्टर
मग ‘कित्ता’ का नको? शिष्यांचे पाय धुतल्यावर येशू म्हणतो, मी तुम्हांला कित्ता घालून दिला आहे. पेत्राच्या त्याच पत्रात, दुसऱ्या अध्यायात, ग्रीक शब्द आहे हुपोग्राम्मोस. मुलांनी गिरवायची अक्षरं! इतका चपखल मराठी शब्द हाताशी असताना साक्षीवर का अडायचं?

शुद्धमती
मराठी? ‘कित्ता’ अरबीतून आला आहे. धर्मासारख्या विषयात तरी ‘आदर्श’ हा आपला शब्द वापरावा.

तळटीप
‘आदर्श’चा मूळ अर्थ आरसा. चालेल?

शुद्धमती
उत्तम चालेल. दोष तुमच्या खोडसाळपणात आहे.

बाहेरचा_एक
मी ख्रिस्ती नाही, म्हणून पलीकडच्या बाजूने विचारतो. ‘मैत्रीतून सुवार्ता’ हा प्रयोगच मला टोचतो. कॉलेजात एक मित्र होता. वर्षभर जिवाभावाचा. त्यांच्या सभेला यायला मी दोन-तीनदा नकार दिला आणि त्याचे फोन थांबले. मग ती मैत्री होती की गळ? साक्ष, कित्ता, आदर्श, काय हवं ते म्हणा, पण नाही म्हटल्यावर जे टिकत नाही त्याला मैत्री म्हणू नका.

मागचं_बाक
तुमची तक्रार रास्त आहे, आमच्यातलेही पुष्कळ जण ती करतात. मावशीची ती मैत्रीण शेवटपर्यंत ख्रिस्ती झाली नाही, आणि दोघी शेवटपर्यंत मैत्रिणी होत्या.

उलटतपासणी
आणि मैत्रीशिवायही होतं की. कवी ना. वा. टिळकांना 1893 साली रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका प्रवासाची ओळख!

दुसरी_घंटा
पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं काय? त्या लगेच नाही गेल्या त्या वाटेने. पुढची कित्येक वर्षं नवऱ्याचं वागणं पाहत, सोवळ्याशी स्वतः भांडत, आपल्या पायांनी पोचल्या. प्रवाशाने पुस्तक दिलं एवढंच आपल्याला ठाऊक. ते वाचत बसण्याची वर्षं टिळकांची स्वतःची होती.

कोरीपाटी
सगळं सुंदर, पण मी लिहू काय? सध्या ‘वागण्यातून दिलेली साक्ष’ ठेवलंय.

शुद्धमती
लांबलचक. शिवाय आपल्याकडे ‘साक्षी’ म्हणजे वेदान्तातला साक्षी, सगळ्यापासून अलिप्त राहून नुसता पाहणारा. तुमच्या पुस्तिकेतला माणूस तर दुसऱ्याच्या घरी जागरणं करतोय. अगदी उलट! आणि मुळातल्या शब्दाचं मराठीत काही उरलं का?

तळटीप
मूळ ग्रीक ‘मार्तुस’. अर्थ साधाच, साक्षीदार. साक्षीपायी माणसं मारली जाऊ लागली तसा त्याचा अर्थ श्रद्धेसाठी प्राण देणारा असा झाला. अरबीत तेच घडलं, ‘शहीद’ हाही मुळात साक्षीदारच. मराठीत आपण ‘हुतात्मा’ म्हणतो. त्यात आहुती आहे, साक्ष नाही.

शुद्धमती
‘हुतात्मा’ सावरकरांनी रूढ केलेला, तेजस्वी शब्द आहे. त्याला नावं ठेवू नका.

खडूडस्टर
नावं कोण ठेवतंय? पण ‘शहीद’ मराठीत वापरला की तुम्हीच मागे अख्खा धागा पेटवला होता.

शुद्धमती
आणि आजही माझं मत तेच आहे. वर्तमानपत्रांनी ‘शहीद’ लिहिणं थांबवावं.

उलटतपासणी
झालं सुरू. ‘हुतात्मा-शहीद’साठी नवा धागा काढा रे कोणीतरी.