खारींपासून ट्युलिपचे कंद कसे वाचवावेत?

परसबाग_एनजे
नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत राहतो आणि घरामागे दहा फूट लांबीचा एक वाफा आहे. गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्याच आठवड्यात मी त्यात ट्युलिपचे ५० आणि क्रोकसचे ३० कंद लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभी राहिले, तर कठड्यावर बसलेली करडी खार पुढच्या पंजांत ट्युलिपचा कंद धरून, आपण मक्याचे कणीस फिरवत खातो तशी तो कुरतडत होती. वाफ्यात जागोजागी खड्डे पडले होते आणि कंदांची तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साले विखुरलेली होती. वसंतात जेमतेम ११ ट्युलिप उगवले आणि त्यांतल्याही चारांच्या कळ्या तोडून तिथेच टाकलेल्या आढळल्या. लाल तिखट टाकून पाहिले, ते पहिल्याच पावसात वाहून गेले. एका शेजाऱ्यांनी डांबराच्या गोळ्या पुरायला सांगितले आहे, पण मुलगी लहान असल्याने धीर होत नाही. यंदा पुन्हा लावण्याची इच्छा आहे. आपला अनुभव कृपया कळवावा.

ओहायोकर
डांबराच्या गोळ्या मुळीच पुरू नका. त्यांतले नॅप्थलीन लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना विषारी असते आणि अमेरिकेत पाकिटावर लिहिलेल्या उपयोगाखेरीज त्या वापरणे कायद्यानेही चालत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही खार हिवाळाभर झोपून राहत नाही. शरद ऋतूत ती ओकची फळे आणि अक्रोड एकेक करून वेगवेगळ्या जागी पुरते आणि थंडीत वासावर व आठवणीवर शोधून काढते, शिवाय दुसऱ्या खारींनी पुरलेलेही चोरते. त्यामुळे नुकतीच उकरलेली भुसभुशीत माती दिसली की येथे कोणीतरी काहीतरी पुरले आहे, एवढेच तिला कळते आणि ती उकरू लागते. म्हणूनच लावणी झाल्यावर पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत धोक्याचे असतात. कंदांची गळलेली साले एकूण एक वेचून दूरच्या कचऱ्यात टाका, माती पायाने दाबून घट्ट करा, भरपूर पाणी घाला आणि वर वाळलेली पाने अशी पसरा की तेथे खणल्याची खूणसुद्धा दिसू नये.

खात्रीचा उपाय मात्र जाळीचाच आहे. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी एक इंच भोकांची जाळी लावणीनंतर मातीवर अंथरून, कडा तीन-चार इंच खाली दुमडून पुराव्यात आणि लोखंडी आकड्यांनी पक्क्या कराव्यात. कडा मोकळ्या ठेवल्या तर खार त्या उचलून आत शिरते. पहिल्या वर्षी मी हाच आळस केला आणि निम्मे कंद गमावले. कंद त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल, म्हणजे ट्युलिप सहा ते आठ इंच लावावा. खोल लावल्याने खारीचे कष्ट वाढतात, पण केवळ त्यावर विसंबू नये.

लंडनची_कुंडी
ओहायोकरांशी सहमत आहे. करडी खार मूळची तुमच्याकडची. इंग्लंडमध्ये ती १८७६ च्या सुमारास आणून सोडली गेली आणि आता आमच्या कुंड्यांचा समाचार घेते. रामाने जिच्या पाठीवरून हात फिरवला ती पट्ट्यांची खार पाहत लहानाचे मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हिच्यावर चिडणे सुरुवातीला जड जाते, पण दोन हंगाम पुरेसे होतात.

माझा सल्ला कंदांच्या निवडीबद्दल आहे. डॅफोडिलमध्ये लायकोरिन नावाचे विषारी द्रव्य असल्याने खारी त्याला सहसा तोंड लावत नाहीत; उकरून बाहेर टाकतात एवढेच, तेव्हा उचलून पुन्हा लावता येतो. शोभेच्या कांद्याचे, म्हणजे ॲलियमचे कंद आणि उग्र वासाचे फ्रिटिलेरिया हेही बहुधा वाचतात. डॅफोडिलच्या मधोमध लावलेले ट्युलिप वाचतात असे पुष्कळ जण सांगतात, परंतु माझे निम्मेच वाचले. डॅफोडिल हाताळताना हातमोजे घाला, त्याच्या चिकाने कातडीला खाज सुटते. आणि हाडांचे खत घालू नका. त्या वासाने कोल्हे आणि कुत्री येऊन वाफा उकरतात, हा अनुभव मी घेतला आहे.

शिकागो_बाग
तिखटाबाबत थोडे सांगतो. त्यातला कॅप्सेसिन खारींना झोंबतो आणि पक्ष्यांना झोंबत नाही, हे खरेच. परंतु प्रत्येक पावसानंतर पुन्हा टाकण्याचा नेम कोणाकडून पाळला जात नाही. त्यापेक्षा लावणी उशिरा करा. जमीन गोठण्यापूर्वी, नोव्हेंबरच्या मध्यापासून थँक्सगिव्हिंगपर्यंत (अमेरिकेतला नोव्हेंबरअखेरचा सण), ट्युलिप लावले तरी चालतात. तोवर खारींची साठवणुकीची घाई बरीच ओसरलेली असते. दरम्यान कंद थंड, कोरड्या जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंदे आणि इतर फळे दूर ठेवा, कारण त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदाच्या आतली फुलाची कळी मरते.

परसबाग_एनजे
सर्वांचे मनापासून आभार. डांबराच्या गोळ्यांचा विचार सोडला आहे आणि नोव्हेंबरपर्यंत थांबणार आहे. एकच शंका उरली: दुकानात अर्ध्या इंचाची ताठ जाळीही मिळते. तिच्यातून कोंब वर येतील का?

ओहायोकर
क्रोकसचे येतील, ट्युलिपची रुंद पाने मात्र अडकून चिरडतात. अर्ध्या इंचाचीच घेतली असेल तर पानांची टोके दिसू लागताच, साधारण मार्चमध्ये, जाळी उचलून ठेवा. जमिनीखालून येणाऱ्या व्होल उंदरांना यांपैकी एकही जाळी अडवत नाही. त्यांचा त्रास असेल तर पाव इंची जाळीची पेटी करून कंद तिच्यात लावावे लागतात. कळ्या तोडल्या जाण्यावर मात्र जमिनीतल्या जाळीचा उपयोग नाही. कळ्या येण्याच्या दोन आठवड्यांत फुलांभोवती खुंट्या रोवून हलकी जाळी ताणावी, एवढेच मला जमले आहे.