तांब्यावर हायड्रोक्लोरिक आम्लाचा परिणाम होत नाही, मग द्रावण हिरवं कसं झालं?

प्रश्न: 2 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लात तांब्याची पट्टी अर्धी बुडवून ठेवली होती. एकही बुडबुडा आला नाही, पण दुसऱ्या दिवशी द्रावण फिकट हिरवं दिसलं. तांबं तर अभिक्रियाशीलता श्रेणीत हायड्रोजनच्या खाली आहे ना?

उत्तर 1: श्रेणी चुकलेली नाही. तांब्याचा प्रमाण विभव (इलेक्ट्रॉन घेण्याची ओढ, हायड्रोजनची शून्य धरून) +0.34 व्होल्ट, म्हणून ते आम्लातून हायड्रोजन सोडवू शकत नाही. इथे काम केलंय हवेतल्या ऑक्सिजनने. तो तांब्याचे इलेक्ट्रॉन घेतो, आम्ल क्लोराइड पुरवतं, आणि क्युप्रिक क्लोराइड व पाणी तयार होतं. पट्टी काढून नीट पाहा: द्रावणाच्या पातळीलगत ती जास्त खाल्लेली दिसेल, कारण हवा तिथेच सर्वांत सहज पोचते. एकदा क्युप्रिक आयन (दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं तांबं) आले की तेही तांबं विरघळवून क्युप्रस (एकच इलेक्ट्रॉन गमावलेले) होतात, आणि हवा त्यांना परत क्युप्रिक करते. म्हणून सुरुवात संथ, पुढे वेग वाढतो.

उत्तर 2: हवेशिवाय रंग येत नाही याची पडताळणी करायचीच असेल तर आम्ल उकळू नका, वाफा घातक. विरघळलेली हवा घालवायला 50 मिली ऊर्ध्वपातित पाणी पाच मिनिटं उकळा, झाकून गार करा, त्यात 10 मिली संहत आम्ल हळूहळू घाला (आम्ल पाण्यात, पाणी आम्लात कधीच नाही). पट्टी परीक्षानळीत ठेवून नळी या आम्लाने काठोकाठ भरा आणि बूच लावा. पट्टी आधी पॉलिश पेपरने घासलेली हवी. काळा थर राहिला तर तो ऑक्साइडच विरघळून रंग देईल आणि निष्कर्ष फसेल.

प्रश्नकर्ता: म्हणजे ऑक्साइड हवेशिवायही विरघळतं?

उत्तर 1: हो, ती साधी आम्ल-आम्लारी अभिक्रिया. 0.8 ग्रॅम काळ्या क्युप्रिक ऑक्साइडला 2 मोलार आम्ल 10 मिली पुरतं. 12 मिली घ्या आणि कोमट करा. संहत आम्लात रंग पिवळट हिरवा येतो, पाणी घालत गेलं की निळा, कारण तांब्याभोवतीच्या क्लोराइडची जागा पाणी घेतं. भांड्यावरच्या हिरव्या थरात कार्बोनेट असेल तर तो फसफसतो; तो वायू कार्बन डायऑक्साइड, हायड्रोजन नव्हे. लाल क्युप्रस ऑक्साइड मात्र वेगळं वागतं: विरल आम्लात पांढरा क्युप्रस क्लोराइड देतं. तो संहत आम्लात विरघळतो, भरपूर पाणी ओतलं की परत साका पडतो, आणि ओला उघडा ठेवला की हिरवट होतो.

उत्तर 2: उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, तांबं माशांना विषारी आहे. धुण्याचा सोडा थोडा थोडा, फसफसणं थांबेपर्यंत घाला आणि निळसर हिरवा साका गाळून वेगळा ठेवा.