मदत हवी आहे : विल्यम ॲडम्सचं मृत्युपत्र (जपान, १६२०), "सगळं बायकोला मिळावं असं त्याच्या मनात नव्हतं" हे वाक्य कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

जरा मोठं लिहितेय, वेळ असेल तर प्लीज शेवटपर्यंत वाचा.

मी सहा वर्षं योकोहामाजवळ राहते, नवऱ्याच्या नोकरीमुळे. इथे केइक्यू लाइनवर आन्जिन्झुका नावाचं एक छोटंसं स्टेशन आहे, तिथे उतरून चढण चढून गेलं की त्सुकायामा पार्क लागतं, आणि वर दोन दगडी स्तूप शेजारी शेजारी उभे आहेत. एक विल्यम ॲडम्सचा, जपानी लोक त्याला मिउरा आन्जिन म्हणतात, आणि दुसरा त्याच्या जपानी बायकोचा. आन्जिन म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, आपल्या कोकणात जुनी माणसं मालीम म्हणायची ना तोच. पहिल्यांदा गेले तेव्हा साकुरा (तिथली चेरी) फुललेला, सगळे फोटो काढत होते आणि मी त्या दुसऱ्या दगडाकडे बघत बसले कारण मला माहीत होतं की याची अजून एक बायको इंग्लंडमध्ये होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ॲडम्स मूळचा केंटमधल्या जिलिंगहॅमचा, लंडनजवळच्या लाइमहाउसला जहाजाचं काम शिकला, १५८९ साली मेरी हिन नावाच्या मुलीशी स्टेपनीच्या चर्चमध्ये लग्न केलं, मुलगी झाली तिचं नाव डेलिव्हरन्स. १५९८ ला पाच डच जहाजांच्या ताफ्यात पायलट म्हणून रॉटरडॅमहून निघाला आणि त्यातलं एकच जहाज, लीफ्डे, एप्रिल १६०० मध्ये जपानला लागलं, त्यावर जेमतेम दोन डझन माणसं जिवंत होती. तिथला सत्ताधीश तोकुगावा इएयासू, त्याची मर्जी बसली, जहाजं बांधून दिली, हेमी गावी जहागीर मिळाली (स्वतःच्या पत्रात लिहितो की ८०-९० शेतकरी माझ्या हाताखाली आहेत), पण घरी जायची परवानगी काही मिळेना. तिथे दुसरा संसार झाला, जोसेफ आणि सुझाना अशी दोन मुलं. पुढे १६१३ ला ईस्ट इंडिया कंपनीने जपानमधल्या हिरादो बंदरात वखार काढली, म्हणजे सुरतेच्या वखारीच्या आगेमागेच, आणि ॲडम्स वर्षाला १०० पौंडांवर कंपनीच्या नोकरीत लागला. शिवाय स्वतःचा व्यापार होताच, शोगुनचा (जपानच्या लष्करी राज्यकर्त्याचा) लाल शिक्क्याचा, म्हणजे परदेशी व्यापाराचा, परवाना होता त्याच्याकडे.

१६ मे १६२० ला हिरादोत गेला. मृत्युपत्रात साधारण ५०० पौंडांची मालमत्ता, अर्धी इंग्लंडमधल्या बायको-मुलीला आणि अर्धी जपानमधल्या मुलगा-मुलीला. व्यवस्था बघायची जबाबदारी वखारीचा मुख्य रिचर्ड कॉक्स आणि दुसरा व्यापारी विल्यम ईटन यांच्यावर.

इथपर्यंत ठीक आहे. माझं अडतंय ते कॉक्सने डिसेंबर १६२० ला लंडनला कंपनीला लिहिलेल्या पत्रापाशी. तो म्हणतो (मी केलेलं मराठी, कच्चं आहे) : मृत्युपत्राची नक्कल आणि हिशोब त्याच्या बायको-मुलीकडे कॅप्टन मार्टिन प्रिंग यांच्या हस्ते पाठवतोय, ते त्यांच्या फार जुन्या ओळखीचे. आणि १०० पौंड मी जेम्स रॉयल जहाजावरच्या लोकांना दिलेत, पर्सरच्या (जहाजावरच्या हिशेबनिसाच्या) वहीत नोंद करून, इंग्लंडमध्ये एकाला दोन असे फेडायचे, बायको आणि मुलीला सारखे वाटून, "कारण सगळं बायकोला मिळावं असं त्याच्या मनात नव्हतं, तिने दुसरा नवरा केला तर ती सगळं त्याच्या मुलीपासून घेऊन जाईल."

हे वाक्य वाचल्यापासून मला बरं वाटत नाहीये. बावीस वर्षं ती बाई मुलीला घेऊन राहिली, हा तिकडे दुसरा संसार करून बसला आणि मरताना शंका कुणाची, तर तिची?

आता हे विचारतेय का ते सांगते. आम्ही गुहागरकडचे, बाबा मर्चंट नेव्हीत होते, एकेक वर्ष घरी नसायचे. पुढच्या महिन्यात गावी जातेय आणि आमच्या वाचनालयात मला यावर अर्धा तास बोलायला सांगितलंय. समोर ज्या बायका बसणार त्यातल्या निम्म्यांचे नवरे बोटीवर आहेत किंवा होते. त्यांच्यासमोर हे वाक्य मी चुकीच्या अर्थाने ठेवलं तर ते मलाच लागून राहील. म्हणून दोनच गोष्टी विचारायच्यात. एक, हा खरंच अविश्वास आहे की त्या काळी असं लिहायची काही वेगळी गरज होती? आणि दुसरं, जहाजावरच्या लोकांना पैसे देऊन इंग्लंडमध्ये "एकाला दोन" हे काय प्रकरण आहे, मला काहीच कळलेलं नाही.

– खाडीपलीकडची

प्रतिसाद : दिवाणीवाली

ताई, फार छान विषय. मी वकिली करते, वारसाहक्काचीच कामं जास्त, त्यामुळे पहिल्या प्रश्नाबद्दल बोलू शकते.

ते वाक्य आजच्या कानांनी ऐकू नका. त्या वेळच्या इंग्लिश कायद्यात बाईचं लग्न झालं की तिची जंगम मालमत्ता, म्हणजे रोख, दागिने, भांडीकुंडी सगळं सरळ नवऱ्याचं व्हायचं. तिच्यासाठी सांभाळायला नाही, त्याच्या मालकीचं. आपल्याकडे स्त्रीधन म्हणून जे निदान तत्त्वतः तरी बाईचं स्वतःचं असतं तसं तिथे लग्न झालेल्या बाईचं साध्या कायद्याने काहीच नव्हतं, ते बदलायला १८७० आणि १८८२ चे कायदे यावे लागले. म्हणजे मेरीच्या हातात सगळी रक्कम दिली आणि उद्या तिने लग्न केलं (आणि खलाशांच्या वस्तीत विधवा बाई दुसरं लग्न करायचीच, पोट कसं भरणार) की ते पैसे त्या नव्या माणसाचे झाले. मेरीची इच्छा असो नसो, डेलिव्हरन्सला काही देणं तिच्या हातात उरलंच नसतं. म्हणून मुलीचा वाटा आधीच वेगळा काढला. मी असते तर क्लायंटला हेच सांगितलं असतं.

आणि एक, मृत्युपत्र केलं नसतं तर काय झालं असतं बघा. इंग्लंडच्या दृष्टीने मेरी जिवंत असताना झालेलं जपानमधलं लग्न लग्नच नाही, ती मुलं औरस नाहीत, आणि अनौरस मुलाला मृत्युपत्राशिवाय बापाचं काहीच मिळत नसे. जोसेफ आणि सुझानाला जो अर्धा वाटा मिळाला तो फक्त त्या कागदामुळे. गंमत म्हणजे १६०४ ला इंग्लंडमध्ये दुसरं लग्न हा फौजदारी गुन्हा ठरला तेव्हा त्यात सूट होती, जोडीदार सलग सात वर्षं समुद्रापार असेल तर शिक्षा नाही. म्हणजे मेरीने या बावीस वर्षांत दुसरं लग्न केलं असतं तरी तिला कोणी तुरुंगात टाकलं नसतं. १६२० पर्यंत कॉक्स तिला त्याची बायको म्हणूनच लिहितोय हे लक्षात घ्या.

प्रतिसाद : रिटायर्ड बोसन

दुसरा प्रश्न माझा. ताई तुमचे बाबा शिपवर होते म्हणजे घरी ॲलॉटमेंट यायची ना, कंपनी पगारातून कापून घरच्या नावावर पाठवते ती? हे तेच, फक्त उलटं फिरवलेलं.

कॉक्सकडे ॲडम्सची चांदी आहे हिरादोत आणि ती पोचवायची आहे लाइमहाउसला. पेटीत घालून पाठवली आणि जहाज बुडलं तर गेली. इथे जहाजावरच्या लोकांना हातात रोकडा हवा असतो, बंदरात खरेदी करायची, थोडाफार स्वतःचा माल भरायचा, पण त्यांचा पगार मिळणार घरी पोचल्यावर. मग कॉक्स म्हणाला हे घ्या पैसे, पर्सरच्या वहीत तुमच्या नावावर लिहितो, लंडनला पगार मिळेल तेव्हा त्यातून दुप्पट द्यायचे. १०० चे २०० झाले. दुप्पट ऐकून सावकारी वाटेल पण जहाज परत जायलाच कितीतरी महिने लागायचे, वाटेत वादळं होती, रोग तर सगळ्यात वाईट, घेणाराच मेला तर पैसे कोणाकडून मागणार. जोखीम सगळी पैसे देणाऱ्याची. आपल्या जुन्या व्यापाऱ्यांची हुंडी समजा, त्यात समुद्राचा धोका धरलेला.

मला तर हे वाचून कॉक्सबद्दल आदर वाटला. नुसते पाठवले नाहीत, वाढवून पाठवायचा प्रयत्न केला.

प्रतिसाद : मुलुंडकर

दोघांचे प्रतिसाद आवडले पण मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

कायदा होता हे मान्य, पण हिशोब करून बघा. ५०० चे अर्धे २५०, त्यात आई-मुलगी सारख्या वाटणीने म्हणजे मेरीला १२५, एकूणाचा चौथा हिस्सा. आणि १६१३ मध्ये कंपनीच्या जॉन सॅरिसचं क्लोव्ह जहाज आलं तेव्हा ॲडम्सला जपान सोडायची परवानगी मिळाली होती. गेला नाही. सॅरिसशी पटलं नाही, इथे जमिनी होत्या, मुलं होती, माणूस म्हणून मी समजू शकतो, पण १६१३ नंतर "येता आलं नाही" असं म्हणता येणार नाही. तुमच्या वाचनालयातल्या बायकांना हेही सांगा. कायद्याने वाक्याचा अर्थ बदलतो, मेरीची बावीस वर्षं बदलत नाहीत.

आणि जपानी बायको? कॉक्सच्या पत्रात वाटा मुलगा आणि मुलगी यांना आहे, तिचा उल्लेख नाही. तिच्याबद्दल कोणी का विचारत नाही?

प्रतिसाद : दिवाणीवाली

मुलुंडकर, बरोबर विचारलंत. पण चांदी आणि जमीन यांत फरक आहे. चांदी लंडनला जाऊ शकते, हेमी जाऊ शकत नाही. जहागीर शोगुनची देणगी, ती मृत्युपत्राने वाटता येण्यासारखीच नव्हती, आणि कॉक्स लिहितो की नव्या शोगुनने, म्हणजे इएयासूनंतरच्या हिदेतादाने, ॲडम्सची जहागीर जोसेफच्या नावावर कायम केली. म्हणजे घर हललं नाही. मुलगा जहागीरदार झाला की आईचं तिथलं स्थान राहतं, आपल्याकडे वतनदार घरात काय व्हायचं तेच. १२५ चा हिशोब करताना हेमी बाजूला ठेवू नका, जपानकडचं पारडं त्यामुळे अजून जड होतं, हे मात्र तुमच्याच बाजूने जातं.

प्रतिसाद : जुने कागद

ताई, बोलण्याआधी काही गोष्टी तपासून घ्या म्हणजे कोणी बोट ठेवणार नाही.

जपानी बायकोचं नाव नेटवर सगळीकडे "ओयुकी" दिसेल. त्या काळच्या कागदांत ते नाव नाही, म्हणून नाव न घेता बोलावं हे माझं मत. तारीख १६ मे ही जुन्या ज्युलियन पंचांगाची, आपल्या आजच्या कॅलेंडरने २६ मे येते, जपानी लेखनात वेगळा दिवस दिसला तर गोंधळू नका. कॉक्सची डायरी छापील मिळते पण त्यात जानेवारी १६१९ ते डिसेंबर १६२० हा भागच शिल्लक नाही, त्यामुळे ॲडम्सचा शेवटचा आजार डायरीत शोधत बसू नका, मीही एकदा दोन संध्याकाळी त्यात घालवल्या आहेत. हिरादो वखारीची पत्रं आणि इतर कागद ब्रिटिश लायब्ररीने १९९१ ला दोन जाड खंडांत छापलेत, ते मिळाले तर सोनं. आणि कोणाला इतर इंग्लिश व्यापाऱ्यांची मृत्युपत्रं बघायची असतील तर परदेशात मेलेल्या आणि इंग्लंडमध्ये मालमत्ता असलेल्या माणसाचं मृत्युपत्र बहुतेक कँटरबरीच्या प्रेरोगेटिव्ह कोर्टात मंजूर व्हायचं, १३८४ ते १८५८ पर्यंतची ती सगळी लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या साइटवर नावाने शोधता येतात. अक्षर मात्र वाचायला सवय लागते.

डायरी जिथे परत सुरू होते तो डिसेंबर १६२० चा भाग नक्की वाचा. मृत्युपत्राप्रमाणे ॲडम्सच्या तलवारी कॉक्सने जोसेफच्या हातात दिल्या आणि देताना डोळ्यांत पाणी आलं असं त्यानेच लिहून ठेवलंय. एरवी त्या डायरीत भेटवस्तू, उधारी आणि मालाचे भाव.

प्रतिसाद : खाडीपलीकडची

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

कायद्याचा भाग कळल्यावर मी ते वाक्य परत मराठीत करायला बसले. आधी वाटलं "घेऊन जाईल" काढून "मुलीच्या हातून सगळं जाईल" असं करावं, म्हणजे दोष मेरीवर येत नाही. पण मुलुंडकरांचं वाचून थांबले. कॉक्सने तसं लिहिलेलं नाहीये, त्याने तीच घेऊन जाईल असं लिहिलंय, ते मी माझ्या सोयीने बदलायचं नाही. वाक्य आहे तसंच वाचणार आणि मग लगेच लग्नानंतर पैसा कोणाचा व्हायचा ते सांगणार. १६१३ चंही सांगणार. बोसनकाका, "एकाला दोन" मी ॲलॉटमेंट म्हणूनच सांगणार आहे, आमच्याकडे तो शब्द शाळेतल्या पोरांना पण माहीत असतो.

पुढचं शोधताना कळलं ते इथे टाकते. कॉक्स बाकीची रक्कम स्वतः आणीन किंवा पाठवीन असं म्हणाला होता. १६२३ अखेर हिरादोची वखार बंद झाली आणि परतीच्या वाटेवर मार्च १६२४ मध्ये तो जहाजावरच वारला. डेलिव्हरन्सने त्याच वर्षी स्टेपनीच्याच चर्चमध्ये लग्न केलं, नवरा खलाशी, राफ गुडचाइल्ड. बापाने वेगळा काढलेला तिचा वाटा दिवाणीवाली ताईंच्या हिशोबाने त्या दिवशी नवऱ्याचा झाला. जोसेफ बापाचंच मिउरा आन्जिन हे नाव लावून, लाल शिक्क्याचा परवाना घेऊन १६३५ पर्यंत व्यापाराला जात राहिला, मग जपानने आपल्या लोकांना बाहेर जायलाच बंदी केली. डेलिव्हरन्स आणि तो, हे बहीणभाऊ, एकमेकांना कधी भेटले नाहीत.

काल रात्री आईला फोनवर हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं ती मेरीबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, तुझ्या बाबांची ॲलॉटमेंट पण दोन नावांवर यायची, अर्धी माझ्या आणि अर्धी तुझ्या आजीच्या. पहिल्या वर्षी मला फार राग आला होता, मग आजीनेच एकदा बसवून सांगितलं की तो बोटीवरून परत आला नाही तर तुझे भाऊ तुला माहेरी नेतील, मला कोण नेणार.

हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं. आईला विचारलंय की वाचनालयात सांगू का, ती म्हणाली सांग, पण आजीचं नाव घेऊन सांग.