ईयू४: एक मोठा तह केला आणि चार शेजारी एकदम उठले. आता काय?

तुंगभद्रा_काठ

युरोपा युनिव्हर्सॅलिस ४ (राज्य चालवायचा कॉम्प्युटर गेम), मी विजयनगर, साल १४६८. बहमनीशी दुसरं युद्ध १४६६ मध्ये संपलं, १०० टक्के वॉरस्कोअर (युद्धातल्या यशाचा आकडा, त्यावरच तहात मागण्या करता येतात) वसूल करून. त्यानंतर माझ्याविरुद्ध कोअलिशन (शेजाऱ्यांची युती) झाली. टूलटिपमधले आकडे: गुजरात एई (अॅग्रेसिव्ह एक्स्पान्शन, मुलूख बळकावल्याचा राग) ७२, माझ्याबद्दल एकूण मत −४१. माळवा ६८, मत −३५. खानदेश ५५, दिल्ली ५३, दोघांचंही मत शून्याखाली. सैन्य फोर्स लिमिटच्या (राज्याला पेलणाऱ्या सैन्याच्या मर्यादेच्या) जरा खाली आहे.

१) हे चौघे ट्रूस (तहानंतरची युद्धबंदी) संपायची वाट बघतात की कधीही चढाई करतात?
२) ओरिसा मित्र आहे, पण चढाईच्या युद्धात बोलावलं की लाल फुली, म्हणजे नकार. का?

---

बेरीज_वजाबाकी

एआय (बाकीची राज्यं चालवणारा संगणक) डूख धरत नाही, बेरीज करतो. एई ५० किंवा जास्त आणि एकूण मत शून्याखाली, या दोन्ही अटी जुळल्या की अॅटिट्यूड 'आउटरेज्ड' (संतप्त) होतो आणि तो देश कोअलिशनमध्ये शिरतो. दोन्हींपैकी एक मोडली तरी पुरे.

ट्रूस फक्त बहमनीशी आहे, या चौघांशी नाही. ते तुमची आणि तुमच्या मित्रांची ताकद एका पारड्यात, आपली दुसऱ्यात टाकतात. पारडं त्यांच्याकडे झुकलं की चढाई. म्हणून पहिलं काम, सैन्य फोर्स लिमिटपर्यंत भरा. पगार वाचवायची ही वेळ नाही.

आता आकडे. एई मुळात वर्षाला २ ने उतरतं. दिल्ली दोन वर्षांत आणि खानदेश तीन वर्षांत ५० च्या खाली येईल, तिथे डिप्लोमॅट (राजदूत) पाठवून फुकट घालवू नका. गुजरातला १२ वर्षं लागतील, माळव्याला १०. पण मत सुधारण्यातून जास्तीत जास्त +१०० मिळतात आणि गुजरातला हवेत फक्त ४१. म्हणजे एक डिप्लोमॅट गुजरातला, दुसरा माळव्याला. मत शून्यावर आलं की एई ६५ असलं तरी ते बाहेर पडतात. डिप्लोमॅट जातीचा सल्लागार मिळाला तर तोच ठेवा. संबंध सुधारणा २० टक्के वाढते, म्हणजे एईसुद्धा वर्षाला २.४ ने उतरतं. हा दुसरा फायदा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही.

---

हाकेला_ओ

ओरिसाचं उत्तर युद्ध पुकारायच्या खिडकीतच लिहिलेलं असतं. मित्राच्या नावापुढच्या फुलीवर माउस धरा, कारणं अधिक-उण्यासकट दिसतात. नेहमीचे गुन्हेगार: तो कर्जात आहे, आधीच दुसऱ्या युद्धात गुंतलाय, किंवा रणांगण त्याच्यापासून लांब आहे. कर्ज असेल तर थोडे डुकॅट भेट द्या, काही वेळा तेवढ्यावर फुली जाते.

चढाईसाठी १० फेव्हर (मित्रावर साठलेले उपकार) लागतात, नसतील तर जमिनीचं वचन. वचन देऊन तहात काही दिलं नाही तर ट्रस्ट (विश्वासाचा आकडा) घसरतो, आणि मग पुढची हाक आणखी कठीण. निदान एक प्रांत तरी त्याच्या पदरात टाका. बचावाच्या युद्धाचा हिशेब निराळा असतो. तिथे हाच ओरिसा बऱ्याचदा मुकाट्याने येतो, त्यामुळे कोअलिशनविरुद्ध त्याला मोजायला हरकत नाही.

एक मात्र बघा: ओरिसाला तुमचे प्रांत हवेत असं त्याच्या अॅटिट्यूडखाली दिसतंय का? तसं असेल तर ही मैत्री आज ना उद्या तोच मोडणार.

---

घाटवाट

वरचं पटलं, पण 'चढाई झालीच तर' याचं कुणी बोललं नाही.

एआय लढाईला उतरायच्या आधी समोरचं सैन्य मोजतो, पण शेजारच्या प्रांतातून येणारी कुमक त्याला नीट मोजता येत नाही. डोंगराळ प्रांतात आठ-दहा हजारांची तुकडी दिसेल अशी ठेवा, मुख्य सैन्य एक प्रांत मागे. तो तुटून पडला की मागून घुसा. पर्वतात हल्ला करणाऱ्याला लढाईच्या फाशावर −२, टेकड्यांत −१, वर नदी ओलांडून आला तर आणखी −१. लवकर पोचायचं मात्र, नाहीतर पुढची तुकडी आधीच चिरडली जाते. सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

त्याहून सोपं: डोंगरातल्या तुमच्या किल्ल्याला वेढा पडू द्या आणि मग त्यावर चालून जा. किल्ला तुमच्या ताब्यात असेपर्यंत भूभागाचा तोटा वेढा घालणाऱ्याला लागतो, तुम्ही हल्ला केलात तरी. आसपास शत्रू दिसला नाही की एआय सैन्याचे तुकडे करून प्रांतोप्रांती वेढे घालत सुटतो. ते तुकडे एकेक करून संपवायचे. लढायांमधून वॉरस्कोअर ४० पर्यंतच मिळतो, युद्धाचं उद्दिष्ट हातात ठेवून महिन्यागणिक चढणारा २५ पर्यंत. बाकीचा वेढ्यांतूनच.

---

तुंगभद्रा_काठ

कळलं. बहमनीचा ट्रूस संपेपर्यंत गप्प बसू का?

---

बेरीज_वजाबाकी

गप्प कशाला? ट्रूस ५ ते १५ वर्षांचा असतो, वॉरस्कोअर जितका वसूल केला तितका लांब. तुमचा पूर्ण १०० चा, म्हणजे १४८१ पर्यंत. मोडलात तर स्थैर्य कोसळेल, तो विचार सोडा. १४८१ ला गुजरातचं एई आपोआप ४६ वर आलेलं असेल, पण पुढच्या तहात ५ वाढले तरी पुन्हा जैसे थे. म्हणून दोन गोष्टी.

एक, कोअलिशन फुटली की दुसरी मोहीम वेगळ्या धर्माच्या दिशेने काढा. श्रीलंकेतलं कोट्टे बौद्ध आहे. ते घेतलंत तर गुजरात-माळव्याला फारसं बोचत नाही. केरळातली हिंदू राज्यं घेतलीत तर एई ओरिसाकडे चढेल, कारण तोही हिंदू. मित्राला नाराज करून वर दहा फेव्हर मागायचे, हे जमणार नाही.

दोन, बहमनीवर पुन्हा जाल तेव्हा माळवा त्याचा मित्र म्हणून त्याच युद्धात ओढला जातोय का बघा. ओढला गेला तर त्याच्याशी आधी वेगळा तह करा, व्हाइट पीस (काहीही न घेता-देता केलेला तह) असला तरी चालेल. पाच वर्षांचा ट्रूस लागतो, आणि ज्याच्याशी ट्रूस आहे तो तुमच्याविरुद्धच्या कोअलिशनमध्ये शिरू शकत नाही. आणि तह पाठवायच्या आधी त्याच खिडकीत एईच्या आकड्यावर माउस धरा, कोणाचं किती वाढेल ते देशागणिक दिसतं. गुजरात ५० ओलांडतोय असं दिसलं तर एक प्रांत यादीतून काढा आणि मग पाठवा.